तोमीच्या घरात न बोलायचे शब्द

तोमीच्या दुकानात सुकी माकूळ मिळायची, पण तिच्या खऱ्या नावानं मागितली तर मिळायची नाही. खरं नाव सुरुमे. त्यातला "सुरु" म्हणजे गमावणं, म्हणून तोमीच्या तोंडी ती कायम आतारिमे, म्हणजे लाभणारी. हे काही तिच्या एकटीचं खूळ नव्हे, जुनी माणसं असंच म्हणतात. पण इतर माणसं म्हणतात आणि विसरतात. तोमी विसरत नसे. एकदा मी घाईत होते, चुलीवर सोयाबीनचं दूध उकळत ठेवून आले होते, आणि "दोन सुरुमे दे गं" म्हणाले. ती हात बांधून उभी राहिली.

"काय दे?"

"अगं, माझं दूध उतू जातंय!"

"जाऊ दे. आधी नीट माग."

माझं दूध उतू गेलंच. माझं तोफूचं दुकान तिच्या दुकानाला लागून, मधली भिंत एक. लहानपणापासून आम्ही भांडत आलो, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे. तोमीइतकी शब्दांना भिणारी बाई मी पाहिली नाही. तिच्याकडे नासपतीला "नाशी" म्हणायचं नाही, कारण त्या शब्दात "नाही" दडलंय. कुणाला फणी भेट द्यायची नाही, कारण फणीच्या नावात कष्ट आणि मरण दोन्ही शेजारी बसलेत. चार म्हटलं की मरण ऐकू येतं, म्हणून चार नंबरच्या खुर्चीवर ती न्हाव्याकडेसुद्धा बसायची नाही.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा कोण, तर गेन्झोसान! सूतगिरणीच्या रंगखात्यात जन्म काढलेला माणूस, नखं मरेपर्यंत निळी, आणि जिभेला हाड म्हणून नाही. कुठलाही शब्द त्यांच्या हाती लागला की त्याची कोलांटउडी झालीच. दुकानात गिऱ्हाईक आलं की माकूळ, म्हणजे "इका", हातात धरून विचारायचे, "इका, इकागा?" म्हणजे माकूळ हवी का? रोज तेच. गिऱ्हाईक रोज हसायचं, कारण गेन्झोसान सांगताना स्वतःच आधी हसायचे. तोमी आतून ओरडायची, "अहो, शब्द म्हणजे काय खेळणं आहे?" ते म्हणायचे, "मग काय आहे? साप आहे?"

खरं सांगायचं तर दोघांचं जमायचं. एकाला शब्द गंमत वाटायचे, दुसरीला विस्तव, पण दोघांनाही ते जिवंत वाटायचे. आपल्यासारख्यांना ते नुसते शब्द वाटतात.

त्यांची एकुलती मुलगी लवकर गेली. जावयानं ओसाकात दुसरं लग्न केलं आणि नात चिनात्सु या दोघांकडे वाढली. ती आजोबांच्या खांद्यावर बसून शब्द उलटेसुलटे करायला शिकली आणि आजीच्या मागे फिरून कुठले शब्द गिळायचे तेही शिकली. हुशार पोर. तिला औषधशास्त्र शिकायचं होतं, सरकारी विद्यापीठात, आणि तिथली प्रवेशपरीक्षा म्हणजे सुईच्या नेढ्यातून हत्ती.

आमच्याकडे छपरावरून पडणं आणि परीक्षेत नापास होणं, दोन्हीला एकच शब्द. घसरणं म्हटलं तरी तेच. त्यामुळे ज्या घरात परीक्षेचं पोर आहे तिथं हे दोन शब्द थंडीभर उच्चारत नाहीत. पहिल्या वर्षी तोमीनं सगळं केलं. आदल्या रात्री डुकराच्या मांसाची कात्सु तळली, कारण कात्सु म्हणजे जिंकणंही. आनंदाशी नाव जुळणारं कोम्बू शेवाळ तिच्या डब्यात घातलं. सकाळी चिनात्सु बूट घालून दाराबाहेर पडली, रात्रभर बर्फ पडून गोठलेला, आणि गेन्झोसान मायेनं मागून ओरडले, "जपून गं पोरी, घसरशील!"

तोमीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. मी माझ्या दारातून पाहिलं.

चिनात्सु नापास झाली. माझ्या मते बोलाफुलाला गाठ, दुसरं काही नाही. दर जागेमागे पोरांची रांग, कुणीतरी नापास होणारच. पण तोमीनं ते धरून ठेवलं. भात वाढताना, अंघोळीचं पाणी तापवताना, पाहुण्यांसमोर, "यांच्या तोंडानं पोरीचं वर्ष गेलं." पहिले काही महिने गेन्झोसान हसून न्यायचे. मग हसायचे बंद झाले. उन्हाळ्यात एकदा मी माकूळ घ्यायला गेले, ते गल्ल्यावर होते. मी म्हटलं, "काय हो, इका, इकागा?" ते म्हणाले, "किती देऊ?" बस. मला तोमीचा असा राग आला! मी तिला मागच्या दारी गाठून सांगितलं, "माणसाचं तोंड शिवलंस तू."

"परीक्षा होऊ दे. मग बोलू देत हवं ते."

चिनात्सु वर्षभर तोक्योला वसतिगृहात राहून पुन्हा तयारी करत होती. रोज संध्याकाळी तिथल्या फोनवरून घरी बोलायची. परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. त्या थंडीत तोमीनं पोस्टमनलाही ताकीद दिली होती. तो दारात घसरून आपटला तरी "अरे वा" म्हणून उठायचा.

आणि त्या वर्षी बर्फ असा आला की खालच्या मजल्यावर दिवसाही दिवे लावावे लागले. आमच्या गावात छपरावरचा बर्फ खणावा लागतो, नाहीतर घर बसतं. गेन्झोसान वय झालं तरी स्वतः चढायचे. त्या सकाळी मी दारासमोरचा बर्फ ओढत होते. वरून त्यांच्या फावड्याचा आवाज येत होता, खस्स, खस्स. मग छपरावरच्या बर्फाचा सगळा थर एकदम सुटल्याचा आवाज आला आणि फावड्याचा आवाज थांबला.

आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून त्यांना उकरून काढलं. शुद्धीवर होते. ओठ निळे पडले होते, पाय हलत नव्हते. रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, "आजोबा, कुठून पडलात?"

गेन्झोसाननी तोमीकडे पाहिलं. म्हणाले, "छपरावरून... खाली आलो."

"पडलात का?"

"खाली आलो, म्हटलं ना."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. हसू येत होतं आणि त्याच वेळी कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटत होतं.

इस्पितळात पाठीचा मणका मोडलाय म्हणाले. तोमी त्यांच्या उशाशी बसली. चिनात्सुला बोलवायचं तिच्या मनात होतं, हे मी तिच्यासाठी साक्ष म्हणून सांगते. तिनं विचारलंही. गेन्झोसाननी तिचं मनगट धरलं.

"तिला कळवायचं नाही. गेल्या वर्षी माझं तोंड आडवं आलं. या वर्षी पाय आडवे यायला नकोत."

"अहो, ते मी रागात..."

"परीक्षा होऊ दे. मग बोलू."

तिचेच शब्द. वर्षभर तिनंच त्यांना पटवून दिलं होतं की पोरीचं नशीब यांच्या जिभेवर टांगलंय. आता त्यांना ते पुरतं पटलं होतं.

लांबची कुणी वहिनी कुंडीतलं फुलझाड घेऊन आली. आजाऱ्याकडे कुंडी! मूळ धरणं आणि अंथरूण धरणं आमच्याकडे बोलायला एकच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एरवी तोमीनं त्या बाईला कुंडीसकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं ती बाहेर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी कोपर धरलं तर म्हणाली, "मी नीट ठेवली ना गं? दारापासून लांब?"

संध्याकाळी ती दुकान वाढवायला घरी यायची, कारण फोन यायचा. मी शेजारी बसायचे. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, आजोबा अंघोळीला गेलेत. दुसऱ्या दिवशी गोचा पट खेळायला. मग दोनदा न्हाव्याकडे. चिनात्सु म्हणाली, "आजी, आजोबांच्या डोक्यावर केस किती आहेत, रोज काय न्हावी? बरं, मला त्यांची एखादी शब्दांवरची कोटी तरी सांग. वर्षभर एक ऐकली नाहीये."

तोमीनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुणावलं, उद्या सांगते म्हण.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्पितळात हे सांगितलं. गेन्झोसानचा श्वास तोवर लागायला लागला होता, छातीत कफ झाला होता. पण त्यांचे डोळे असे उजळले! वर्षाचं कुलूप निघालं. "सांग तिला," ते म्हणाले, "फुतोन गा फुत्तोन्दा." गादी उडून गेली. आमच्याकडे बालवाडीतली पोरं सांगतात तसली कोटी, इतकी शिळी की हसण्यापेक्षा ओरडायला होतं. आणि सांगणारा गादीवरून उठू न शकणारा माणूस. स्वतःच इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि परिचारिका धावत आली.

तोमीनं जन्मात कोटी केली नव्हती. संध्याकाळी ती फोनसमोर ताठ बसली आणि मंत्र म्हणावा तशी म्हणाली. शेवटचा शब्द आधी, पहिला नंतर. पलीकडे चिनात्सु खो खो हसायला लागली.

"आजी! तू? अगं, तू सांगितलंस म्हणून जास्त मजा आली! उद्या पण सांग!"

मग रोज एक. गेन्झोसान पुटपुटायचे, तोमी रस्ताभर घोकत यायची आणि फोनवर वाट लावायची. मला वाटतं, इतक्या वर्षांच्या संसारात दोघं एवढी जवळ कधी आली नसतील. मला ते बघवत नव्हतं.

परीक्षा दोन दिवसांची. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी तोमीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. ती तिथून चालत माझ्या दुकानात आली. चपला बर्फानं भरलेल्या.

"हारुए, काय करू?"

"फोन कर. संध्याकाळची गाडी पकडली तर रात्रीपर्यंत येईल."

"आणि परीक्षा?"

"पुढच्या वर्षी."

"वर्षभर ती तिथं एकटी राबलीय. ते स्वतः नको म्हणताहेत. मी बोलावलं आणि ती... तसं झालं, तर ते मरताना म्हणतील की पुन्हा माझ्यामुळेच."

"आणि नाही बोलावलं तर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला वाटलं संध्याकाळी फोन आला की आपणच उचलावा आणि सांगून टाकावं. पण दुसऱ्याच्या घरातलं मरण आपल्या तोंडानं सांगायचं नसतं.

संध्याकाळी फोन वाजला. तोमी म्हणाली, "चिनात्सु." आणि थांबली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोल, बोल. पण चिनात्सुच बोलत होती. उद्याचा पेपर, पेन्सिली टोकदार केल्यात, आज कात्सु खाल्ली, इथली तुझ्यासारखी नसते, आजोबांना म्हणावं या वर्षी मी त्यांना वाईट वाटू देणार नाही. "आजी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," तोमी म्हणाली. "लवकर झोप."

गेन्झोसान परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तेव्हा चिनात्सु शेवटचा पेपर लिहीत असेल.

ती संध्याकाळच्या गाडीनं आली. तोमीनं फक्त "घरी ये" एवढंच सांगितलं होतं. गल्लीत वळल्यावर तिला दुकानावरचा दुखवट्याचा काळापांढरा पडदा दिसला. ती धावली नाही. हळूहळू आली, दारात बूट काढले, आत आजोबांच्या तोंडावरचं पांढरं फडकं उचललं आणि शेजारी बसली; कुणीतरी हळूच छपराचं सांगितलं. मग तिनं मागे न वळता विचारलं, "आजोबा पडले कधी?"

आणि तोमीनं काय करावं? ती झेपावली आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. "नको म्हणूस तो शब्द, अजून निकाल लागायचाय!"

गल्लीतली सगळी माणसं बसली होती. चिनात्सुनं तिचा हात धरून बाजूला केला. ओरडली नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"आजी, मी पडले असते तर पुढच्या वर्षी पुन्हा बसले असते. आजोबांना मी पुढच्या वर्षी कुठून आणू?"

तोमीनं पांढरं फडकं उचलून गेन्झोसानच्या तोंडावर पुन्हा नीट पसरलं.

मार्चमध्ये निकाल लागला. चिनात्सु पास झाली. गल्लीतल्या लोकांना अभिनंदन करावं की सांत्वन, कळेना. तिनं आजोबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, सामान बांधलं आणि गेली. जाताना आजीला वाकून नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा, पाठ सरळ ठेवून.

तिची गाडी गेल्यावर तोमी माझ्याकडे आली. मी तोफू कापत होते. ती तिष्ठत उभी राहिली. मग म्हणाली, "हारुए, आम्ही शब्द पाळले म्हणूनच पास झाली ना ती?"

मी जन्मभर तिच्या या वेडाला हसत आले. पोरगी पास झाली ती अभ्यास करून, हे मला ठाऊक होतं, चिनात्सुला ठाऊक होतं. पण ते जर खरं, तर तोमीनं त्या पोरीचा शेवटचा निरोप फुकटच हिरावून घेतला होता.

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.