दांडा आणि एफ-सहा

मोठ्या साहेबांच्या गाडीच्या टपावर कारखान्याच्या गेटचा दांडा पडला, तो मी पाडला. मी तेव्हा कॉम्प्युटर विभागात चहा पीत होतो, ही गोष्ट वेगळी.

झालं असं. गेटवरचा कारकून डाव्या हाताने दांड्याचं बटण दाबून धरतो. सोडलं की दांडा खाली. उजव्या हाताने कीबोर्डवरचं एफ-सहा दाबलं की ट्रक बाहेर गेल्याची नोंद होते. साहेबांचा हुकूम आला, सगळ्या प्रोग्राममध्ये एफ-सहा म्हणजे 'नवी नोंद'च हवी. मी आज्ञाधारक. बाकीची बटणं आधीच भरलेली, म्हणून 'गाडी बाहेर' उचलून एफ-अठरावर टाकलं. आता एफ-अठरा असं बटण आमच्या कीबोर्डवर नाहीच. शिफ्ट धरून एफ-सहा दाबायचं. म्हणजे दोन्ही हात आले. कारकुनाने डावा हात उचलला, ट्रक निसटला आणि त्याच्या शेपटाला लागून आलेले साहेब सापडले.

गेटचा तो प्रोग्राम मुळात आमच्या विभागातल्या काकूंचा. टायपिस्ट म्हणून लागल्या, काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांशी गट्टी जमली आणि कारखान्याचे निम्मे प्रोग्राम त्यांनीच लिहिले. लिहिण्याआधी जागेवर जाऊन बघायच्या, माणसाचा दुसरा हात कशात अडकलाय. घरीसुद्धा वायरमनशी भांडून स्वयंपाकघरातलं बटण त्यांनी खाली बसवून घेतलंय. हात पिठाचे असले तर दिवा कोपराने लागावा म्हणून. "लग्न झाल्यापासून मी वाकूनच दिवा लावतो," असं त्यांचे यजमान सांगतात.

दांडा पडल्याचं कळताच काकूंनी कोणालाही न विचारता 'गाडी बाहेर' पुन्हा एफ-सहावर आणून ठेवलं. साहेब भडकले. टप चेपल्याबद्दल कमी, हुकूम मोडल्याबद्दल जास्त. पत्र निघालं: संध्याकाळपर्यंत बटण बदला, नाहीतर रेकॉर्ड रूममध्ये बदली. पत्र द्यायला अर्थातच मी.

"काकू, जरा पडतं घ्या. तिथे साधा पंखा नाही."

"घरून आणीन."

"आणि कॉम्प्युटर? तोही नाही तिथे."

यावर मात्र त्यांनी कीबोर्डवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याच खिशातलं पेन ओढून पत्रावर ठसठशीत लिहिलं, 'बदली मान्य. बटण अमान्य.' चष्मा डबीत घातला, पाण्याची बाटली उचलली आणि निघाल्या.

मी दारापर्यंत मागे धावलो. "अहो काकू, तुम्ही गेल्यावर ते मलाच बदलायला लावतील! मी काय करू?"

"बदला की, आणि दांडा धरायला रोज तुम्हीच बसा!"