मॅडमच्या उंचीचा खिळा

रफिकभाईचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीकडं, गावी होतो. ‘‘मॅडम गए रे,’’ तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘बल्ब लावला होता का?’’

माणूस गेल्यावर असं कुणी विचारतं का... पण गावी निघायच्या संध्याकाळी मॅडमचं सर्किट मीच बंद केलं होतं, आणि आतला कपॅसिटर रिकामा केला की नाही, ते गाडीत बसल्यापासून आठवत नव्हतं. वीज तोडली तरी तो भरलेला राहतो. हात लागला तर माणूस जातो. ‘‘अरे घर पे, पुंडलिकनगरला. चाय पीते पीते हार्ट अटॅक,’’ रफिक म्हणाला. मला वाटलं, हा मला सांभाळून घेतोय.

साळवे मॅडम कॉलेजातून रिटायर झाल्यावर शेंद्र्याच्या एका शेडमध्ये संशोधन करायच्या. सोलरच्या प्लेटचा कमी व्होल्टेज वाढवून पंपाला पुरेल असा करणारं सर्किट त्यांना कमी खर्चात बसवायचं होतं. मी आठवीत शाळा सोडलेला, मोटार वाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळणारा. माझी एक कॉइल बघून त्यांनी मला उचललं. का उचललं, याचाही मला बरेच दिवस संशय होता.

टेबलाजवळच्या खिळ्याला दोन वायरींचा एक बल्ब टांगलेला असायचा. वायरी कपॅसिटरला लावायच्या, बल्ब भप्पकन पेटून विझला की तो रिकामा. मी लावला की मॅडम यायच्या आणि पुन्हा लावायच्या. रोज. मनात यायचं, आठवीवाला म्हणून भरवसा नाही. मग चोरून पाळत ठेवली, तर पीएचडी करणाऱ्या रफिकच्या मागूनही त्या लावायच्या. तरी वाटलं, हे मला दाखवायला असेल.

एकदा रागातच मी बल्ब न लावता बसलो.

‘‘लावलास ना रे?’’

‘‘व्हय मॅडम.’’

त्यांनी वायरी टेकवल्या. बल्ब पांढराफटक पेटला. नोकरी गेली असं समजून मी डबा पिशवीत भरायला लागलो. तर त्यांनी बल्ब माझ्या हातात दिला. ‘‘आजपासून माझ्यामागून तू लावायचा.’’

‘‘तुमच्यामागून? मी?’’

‘‘मग? माझा हात काय देवाचा हाय? मी पण इसरते की. अन् माझ्यावर इस्वास ठेवून तू मेलास, तर तुझ्या मायला काय सांगू?’’

मोठ्या माणसावर संशय घ्यायची मुभा मला त्याआधी कुणी दिली नव्हती. ते उपकार फेडणं माझ्यानं होणार नाही.

गावाहून परतलो तो थेट शेडवर. बल्ब लावला, पेटला नाही. पण इतक्या दिवसांत कपॅसिटर आपोआपही उतरला असता, त्यावरून काय कळणार? रफिक म्हणाला, ‘‘तू गेल्यावर मॅडमनं लावला होता. मेरे सामने बल्ब उठाया.’’

‘‘पेटला का?’’

‘‘क्या मालूम यार, मैं चाय लाने निकल गया था.’’

त्या घरीच गेल्या, हे आता मानतो. त्यांच्या भावानंही तेच सांगितलं. पण त्या संध्याकाळी बल्ब पेटला असेल, तर मी विसरलो होतो, हे समजूनच त्या घरी गेल्या असतील... आणि मला फोन करून एक शब्द बोलल्या नाहीत.

आता माझ्यामागून लावायला रफिक असतो, पण तो कधी येतो, कधी नाही. तो नसला की मी एकदा लावतो, दारापर्यंत जाऊन येतो, आणि कुणी दुसऱ्यानंच आधी लावला होता असं समजून पुन्हा लावतो. खिळा मॅडमच्या उंचीचा आहे. बल्ब अडकवताना मला दर वेळी थोडं वाकावं लागतं. रफिक म्हणाला, वर ठोकून देतो. मी नको म्हटलं.