पाचवी रकात

डोळा लागायच्या आधी एक जागा असते. तिथे घरातले आवाज ऐकू येतात, पण कुणाचे ते नीट कळत नाही. जुम्म्याची दुपार आहे, जेवून मी आडवी झाले आहे आणि नेमकी त्या जागी पोचले आहे.

कपाटाचं दार वाजतं. म्हणजे मुश्ताक, माझा नवरा, पांढरा कुरता शोधतो आहे. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर मदरशाच्या हॉलमध्ये जमातीची सभा आहे आणि माझ्या सासऱ्यांच्या, अब्बांच्या जागी मुश्ताकला सदर, म्हणजे जमातीचा अध्यक्ष करायचं गावाचं ठरलं आहे. एकमतानं ठरलं आहे, म्हणजे कुणी कुणाला विचारलेलं नाही. अब्बा मरेपर्यंत सदर होते, आता त्यांचा मुलगा मरेपर्यंत सदर. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे या प्रकाराला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. ते शब्द सभेत काढले तर काय होईल तेही माहीत आहे.

सकाळी मुश्ताक म्हणाला, मैमूना, आज तेवढं काही काढू नकोस. सदराला मुदत हवी, निवडणूक हवी, बायकांना मत हवं, हे ते 'तेवढं काही'. आमच्या गावचे अर्धे पुरुष कुवेतला आहेत. ते मोबाइलवरून हात वर करतात आणि त्यांचा हात मोजला जातो. इथे राहून गाव सांभाळणाऱ्या बायका पडद्यामागे बसतात आणि पुढे चहा पाठवतात. मुश्ताक वाईट माणूस नाही, माझा जीव आहे त्याच्यावर, आणि म्हणूनच सकाळपासून माझं काही ठरत नाही. बोलले तर घरात अबोला. गप्प बसले तर सोमवारी वर्गात फळ्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि मी पडवीत उभी आहे.

पडवीत अब्बा बसले आहेत. ते गेल्या पावसाळ्यात गेले, हे मला आठवतं आहे. त्यात काही वावगं वाटत नाही. मला वावगं वाटतं ते एवढंच, की त्यांच्या चपला चिखलानं भरल्या आहेत. अब्बा कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर.

"फिरून यावं लागलं गो," ते म्हणतात. "ती भिंत आहे ना."

कबरस्तानची भिंत त्यांनीच घातली. शेवटच्या वर्षांत, नकाशा बघून, घरात बसून. तिच्यात जेटीकडे जाणारी बायकांची पायवाट बंद झाली आणि मोहल्ल्यातल्या सगळ्याजणी तेव्हापासून टेकडीला वळसा घालून जातात. आता अब्बा त्याच भिंतीच्या आत झोपले आहेत. बाहेर यायचं तर त्यांनाही वळसाच. मला हसू येतं, आणि हसू आलं की रडूही येतं. माझ्या हातात चहाचा कप आहे, तो मी त्यांना देते.

"पेपर लिहून झाला का तुझा?" ते विचारतात.

मला कुठल्याही चर्चासत्राला बोलावलं की एकच विषय देतात, इस्लाम आणि आधुनिक राज्यव्यवस्था. बाकीच्या प्राध्यापकांना पंचायत राज मिळतं, पाणीवाटप मिळतं. माझं नाव वाचलं की माझा विषय ठरतो. अब्बांना मात्र या विषयाचा कंटाळा कधीच आला नाही. लग्न होऊन आले त्या महिन्यापासून आम्ही चहाच्या वेळी यावर भांडत आलो. ते म्हणायचे, सल्लामसलत आमच्याकडे आहे, गरिबाचा हक्क आमच्याकडे आहे, आणि सत्तेवरच्या माणसाला भर मशिदीत अडवायची मुभा तर साध्या म्हातारीलाही आहे, अजून काय पाहिजे तुझ्या राज्यशास्त्राला? खलिफाला मिंबरासमोर, प्रवचनाच्या पायऱ्यांपाशीच अडवणाऱ्या बाईची गोष्ट ते इतक्या वेळा सांगायचे, की ती आमच्याच नात्यातली असावी असं वाटायचं.

मी मान हलवून काहीतरी सांगायला जाते, तर माझ्या हातात खडू आहे. वर्ग भरलेला आहे. मुलं मान खाली घालून लिहीत आहेत, आणि शेवटच्या बाकावर अब्बा, मांडीवर टोपी ठेवून बसले आहेत.

"त्या बाईनं अडवलं आणि खलिफानं ऐकलं," मी फळ्याकडे तोंड करून म्हणते, "कारण तो खलिफा चांगला होता. चांगला नसता तर? आधुनिक व्यवस्था वाईट माणूस धरून आखतात, अब्बा. तुमची चांगला माणूस धरून आखलेली आहे."

"आणि तुझ्या घटनेत," शेवटच्या बाकावरून आवाज येतो, "कुणी उठून बोललं नाही तर चूक आपोआप दुरुस्त होते का?"

मुलं हेही लिहून घेतात. फळ्यावर लिहायला मी हात उचलते, तर फळा ओला आहे, त्याला खाडीचा वास आहे. बाक हलायला लागतात.

आम्ही लाँचमध्ये आहोत. पलीकडून आमच्या जेटीकडे येणारी रोजची लाँच, फक्त बाक कुणीतरी बाजूला सारले आहेत आणि फळ्यांवर चटया अंथरल्या आहेत. असरची वेळ झाली आहे. अब्बा पुढे, लाँचच्या टोकाशी, नमाज पढवणारे इमाम म्हणून उभे आहेत, हयातीत मशिदीत उभे राहायचे तसेच. त्यांच्यामागे जमातीतले सगळे पुरुष रांगा धरून आहेत. कुवेतवालेही आले आहेत, त्यांचे चेहरे मोबाइलच्या उजेडात दिसतात तसे निळसर आहेत. मी एकटीच बाई, अगदी मागे, इंजिनाजवळ.

असरच्या चार रकाती असतात. उभं राहायचं, वाकायचं, माथा टेकायचा, अशा चार फेऱ्या झाल्या की बसायचं आणि सलाम फिरवून नमाज संपवायची. लाँच पाण्यावरून सरकते आहे आणि आम्ही उठतो, वाकतो, माथा टेकतो. तिसऱ्या रकातीला आमची जेटी दिसायला लागते. चौथी संपते तेव्हा जेटी अगदी समोर आहे.

आता बसायचं. पण अब्बा उभे राहतात.

त्यांच्यामागे सगळे पुरुष उभे राहतात. लाँच जेटीवरून पुढे निघते.

मला ठाऊक आहे की ही पाचवी आहे. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. अशा वेळी काय करायचं ते लहान पोरालाही शिकवलेलं असतं. इमाम चुकला तर मागच्या पुरुषानं मोठ्यानं 'सुब्हानल्लाह' म्हणायचं. बाई असेल तर ती बोलत नाही, डाव्या हाताच्या पाठीवर उजवा तळवा वाजवते. इमाम कितीही मोठा असो, तो ऐकतो आणि परत बसतो. मी वाट बघते. पुढच्या रांगेतून आत्ता कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणत नाही. जेटी मागे गेली, मशिदीचा मिनार मागे गेला, पुढे नुसता समुद्र आहे. अब्बांची पाठ ताठ आहे आणि तिचं मला फार वाईट वाटतं, कारण ती एकटी आहे.

मी हात वाजवते. आवाज होत नाही, कापसावर कापूस पडावा तसं होतं. पुन्हा वाजवते. इंजिन धडधडतं आहे, त्यात काही ऐकू जात नाही. मग मी भीती, लाज, सगळं गोळा करून तळव्यात आणते आणि तो असा मारते, की खाडीच्या दोन्ही काठांवरून आवाज परत येतो.

अब्बा बसतात. लाँच थांबते. ते चुकीबद्दल माथा टेकून दोन सजदे करतात, सलाम फिरवतात आणि वळून रांगांकडे तोंड करून बसतात. रांगा नाहीत. चटया आहेत, आणि मी.

"उशीर केलास," ते म्हणतात.

"पुढे एवढे पुरुष होते, अब्बा."

"ते माझ्याबरोबर उठले. इतकी वर्षं उठतच आले." ते टोपी काढून मांडीवर ठेवतात. "मला वाटायचं, मी चुकतच नाही."

हे ते अगदी साधेपणानं म्हणतात. "भिंतीचं मी सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हणते.

"चहा घेताना सांगितलंस. घरातल्या सुनेचं म्हणणं माणूस हसून ऐकतो आणि विसरतो. सफेत, नमाजच्या रांगेत कुणी सांगितलं असतं, तर मला बसावं लागलं असतं."

पाणी फळ्यांवर हळूहळू आपटतं आहे. मला जाग येत चालली आहे हे मला कळतं, आणि एवढ्या वर्षांचं भांडण तसंच टाकून उठायचं नाही, म्हणून मी घाईनं विचारते, "मग अब्बा, यावर राज्य चालेल का?"

ते विचार करतात. हयातीत त्यांनी या प्रश्नावर कधी विचार केला नव्हता, उत्तर तयारच असायचं.

"नमाज तर चालते," ते म्हणतात. "मागे कुणी जागं असेल तर."

"आणि ऐकूनसुद्धा इमाम बसला नाही तर?"

"ज्याला ठाऊक आहे, त्यानं त्याच्यामागे उठायचं नाही. बसून राहायचं."

"तेवढ्यानं खुर्ची रिकामी होत नाही. इमाम बदलायचा दिवस कुठे ठरलेला आहे?"

"मग ठरवा की," अब्बा हसतात, अगदी चहाच्या वेळचं हसू. "मना कुणी केलंय?"

मी आणखी काही विचारणार, तर ते चपला पायात घालतात. फिरून जायचं आहे ना, ते म्हणतात, आणि लाँचच्या कडेवरून पडवीच्या पायरीवर उतरावं तसे सहज उतरतात.

पंखा डोक्यावर फिरतो आहे. असरची अजान होऊन गेली असावी, बाहेर गल्लीत पावलं आहेत. मुश्ताक खाटेजवळ उभा आहे. कुरता घातला आहे, पण मनगटाचं बटण त्याला एका हातानं लागत नाही, कधीच लागत नाही. तो हात पुढे करतो. मी उठून बसते आणि बटण धरते.

"हाताला काय झालं?" तो विचारतो.

मी बघते. डाव्या हाताची पाठ लाल झाली आहे, आणि तिच्यावर चार बोटं स्पष्ट उठली आहेत. चुरचुरतं आहे. उजवा तळवा अजून गरम आहे.

मुश्ताक त्या बोटांकडे बघतो. त्याचा बाप इमाम होता, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाईच्या डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची बोटं कधी उठतात ते त्याला कळतं.

"अब्बा आले होते?" तो हळूच विचारतो.

"हो."

"चुकले?"

"बसले," मी सांगते. "हात ऐकला आणि बसले."

गल्लीतून कुणीतरी त्याला हाक मारतं, सदरसाहेब, चला. बटण अर्धवट राहिलं आहे. मुश्ताक माझा डावा हात आपल्या हातात घेतो आणि खाटेच्या कडेवर बसतो.