दुसरं नाव ठेवा

“दुसरं नाव ठेवा,” मॅडम म्हणायच्या, पडद्यावरची नजर न हलवता. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

नव्वदच्या दशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही ड्रॉइंग विभागात होतो. कॉम्प्युटर नुकतेच आले होते. ड्रॉइंगसाठी लिस्प भाषेत प्रोग्राम सगळेच खरडत, पण ती भाषा खरी कळलेल्या मॅडम एकट्याच. माहेर गुलाबाच्या मळ्यातलं, राहायला इंदिरानगरला.

त्या भाषेत आकड्यांना नावं देत, आणि कुठल्याही नावामागचा आकडा कुणीही बदलू शके. एका सहकाऱ्यानं स्टँडचं ड्रॉइंग करताना स्टँडच्या पायाच्या उंचीला ‘पाय’ नाव दिलं आणि स्पेलिंग केलं पी-आय. वर्तुळाच्या गणितातला पाय ३.१४ चा सातशे झाला! पाइप जोडायच्या गोल चकतीवरची, फ्लँजवरची भोकं वाट्टेल तिकडे गेली. आम्ही पोट धरून हसलो. मॅडम गंभीर होत्या. भोकं दिसली म्हणून कळलं, म्हणाल्या. न दिसणारं काही बदललं असतं तर?

मग त्यांनी जे केलं, त्यानं मी आजही थक्क होतो. दुसऱ्याचा प्रोग्राम चालण्याआधी तो वाचून काढणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. बदलायचं नाही असं पक्कं ठरवलेल्या नावाला कुणी हात लावतोय असं दिसलं, की तो पुढं जाऊच द्यायचा नाही. प्रोग्रामनं प्रोग्राम वाचावा, हे तोवर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढं आमच्याच शॉपसाठी, म्हणजे खालच्या यंत्रशाळेसाठी, पत्रा दाबून कापणाऱ्या नव्या प्रेसचं ड्रॉइंग निघालं. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून डायपुढे, म्हणजे साच्यापुढे, जाळी असते. ती जवळ घेतली तर काम झपाट्यानं होईल, असं कंपनीच्या मालकांचं, साहेबांचं म्हणणं. पण ‘सुरक्षित अंतर’ हे नाव पक्क्यांतलं; मॅडमच्या प्रोग्रामनं ड्रॉइंग अडवलं. साहेब तणतणत आले. कंपनी कुणाची आहे, असं विचारलं.

“तुमचीच, साहेब. कमी अंतर हवं तर घ्या, पण त्याला दुसरं नाव ठेवा. या नावाचा अर्थ हात वाचतो असा आहे.”

साहेबांनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. त्यांना दुसरं नाव सुचलं नाही. जाळी होती तिथंच राहिली.

काही वर्षांनी मॅडम नोकरी सोडून मुलाकडे परदेशी गेल्या. निरोपाच्या चहाला शॉपमधून त्या प्रेसवरचा कामगार आला. कॉम्प्युटरला त्यानं कधी हात लावला नव्हता. नुसते हात जोडून उभा राहिला. मी त्या हातांकडे पाहिलं. प्रेसवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाची दहाही बोटं शाबूत होती.