पाणीखात्यातला खडा

एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्यामुळे कवळीवाल्या बाईंना एक खोड लागली होती. समोरचा माणूस बोलायला लागला की त्या त्याचं बोलणं कमी ऐकायच्या आणि दात जास्त बघायच्या. वरचा दुसरा दात नंतर बसवलाय, कुणी बसवला असेल, इतका पांढरा का निवडला, असं मनात सुरू. दातांच्या लॅबमधून त्या निवृत्त झाल्या तरी खोड गेली नाही. घरी दोघंच, आणि नवऱ्याचे दात तर त्यांना पाठ होते.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. गल्लीत सगळे त्यांना मीटरवालेच म्हणत. जन्मभर गावाचं पाणी मोजलं, पण स्वतः दिवसाला दोन पेल्यांच्या वर कधी प्यायले नाहीत. व्हायचं तेच झालं. तीन वर्षांपूर्वी मूत्राशयात खडा निघाला, चांगला सुपारीएवढा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तो छोट्या बाटलीत घालून दिला आणि मीटरवाल्यांनी ती बाटली बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवली. आल्यागेल्याला ते ती खुळखुळवून दाखवत.

"अहो, चहा पिताहेत ते!" बाई कपाळाला हात लावत.

"मग पिऊ देत की. बाटलीला बूच आहे."

एके दिवशी दुपारी नणंद आली. तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत गळ्यातलं लॉकेट होतं. त्यातला खडा वरून घुमटासारखा गोल, पण एक नव्हे, तीन खडे मिळून झालेला. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला दुधी, आणि मधे हिरवी पट्टी. ती पट्टीच नेमकी निसटली होती.

"वहिनी, दात चिकटवायचं काहीतरी असेल ना तुझ्याकडे? एवढं चिकटवून दे."

"पण वन्सं, मधला तुकडा कुठंय?"

"तो असता तर मीच नसता चिकटवला?"

नणंद गेली आणि बाई भिंग घेऊन बसल्या. दोन्ही तुकड्यांच्या आतल्या कडा आरशासारख्या सपाट होत्या. वरचा उतार मात्र एका तुकड्यावरून दुसऱ्यावर असा गेला होता की जणू मुळात एकच दगड असावा. हे केलं कसं? प्रत्येक तुकडा वेगळा गोल करून एकाला एक जुळवला म्हणावं, तर तेवढं जुळवणं माणसाच्या हाताबाहेरचं. बाईंचा दोन दिवस स्वयंपाकात जीव लागेना. भात एकदा करपला, एकदा कच्चा राहिला.

तिसऱ्या दिवशी त्या बाजारामागच्या खडेवाल्याकडे गेल्या. खोलीत एकच चाक, वर टांगलेल्या डब्यातून त्यावर ठिबकणारं पाणी, आणि भिंतीवर कमरेपर्यंत उडालेला राखाडी चिखल. खडेवाला वयानं बाईंच्याच बरोबरीचा. बोलायचा असा, की शब्द त्याला कुणी मोजून दिलेत.

"आधी जोडायचे," तो म्हणाला. "मग गोल करायचा."

"म्हणजे चपटे तुकडे आधी चिकटवायचे, आणि मग सगळ्यांचा मिळून एकच घुमट घासायचा?"

"हं."

बाईंना आपलंच हसू आलं. दोन दिवस त्या विचारच उलट्या टोकानं करत होत्या. खडेवाल्यानं कापून उरलेल्या तुकड्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यातून त्यांनी एक हिरवा तुकडा निवडला आणि सरावासाठी म्हणून मूठभर आणखी घेतले.

लॅबनं मोडीत काढलेली एक मोटर घरी पडून होती. ती बाल्कनीत, मोरीजवळ बसवली. चाकावर सतत पाणी ठिबकायला हवं होतं. मीटरवाल्यांनी आपल्या ऑपरेशनच्या वेळची सलाइनची बाटली नळीसकट शोधून काढली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला उलटी टांगली. "मिनिटाला वीस थेंब," ते म्हणाले. मोजल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

सरावाचा पहिला खडा फसला. हिरवा दगड मऊ, काळा कठीण. पॉलिश करता करता हिरवा जास्त झिजला आणि मधे पन्हळ पडली. डोळ्यांना दिसत नव्हती, पण नख फिरवलं की अडकायचं. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी बाईंनी मोटर बंद केली, खडा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, ही तर कवळीच आहे!"

कवळीत दात कठीण आणि हिरडी मऊ. मऊ ब्रश जास्त वेळ धरला की हिरडी खाली जाते आणि दात उंच राहतात. नव्यानं लागणाऱ्या मुलींना बाईंनी हे शंभरदा तरी सांगितलं असेल. त्यांनी लगेच चाकावरचा मऊ लोकरीचा नमदा काढून टाकला. त्याजागी कडक चकती बसवली, तिच्यावर हिऱ्याची बारीक पूड लावली आणि खडा अगदी हलक्या हातानं टेकवला. पन्हळ पडली नाही.

नणंदेचं लॉकेट पुरं झाल्यावर आधी त्यांनी ते खडेवाल्याला दाखवलं. त्यानं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग अंगठ्याचं फिरवलं.

"कुणी शिकवलं?"

"कवळ्यांनी."

खडेवाला उठला आणि स्वतःचं स्टूल त्यानं बाईंना बसायला दिलं.

नणंद खूश झाली. "थोडा लहान झाला का गं?" एवढंच तिनं विचारलं.

"घासलं की झिजणारच, वन्सं."

काम संपलं, पण बाईंचं डोकं काही थांबलं नाही. कुठलाही दगड दिसला की आत काय असेल, हाच प्रश्न. रस्त्याच्या कडेची खडी झाली, जिन्याच्या फरशीची कपची झाली, मासे ठेवायच्या पेटीतले गोटेही झाले. आणि मग कपाट पुसताना त्यांची नजर बाटलीवर जायला लागली.

"हात लावायचा नाही," मीटरवाले वर्तमानपत्राआडून म्हणाले. "माझ्या पोटातली वस्तू आहे."

"पोटातली कुठं? मूत्राशयातली."

"कुठलीही असो. कापायची नाही."

बाईंनी बाटली पुसून जागेवर ठेवली. आपला नवरा त्यांना चांगला ठाऊक होता. आठवडा गेला. मग एका सकाळी दाढी करता करता, अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून, मीटरवालेच म्हणाले, "आत काय असेल गं?"

त्यांनीच सलाइनचे थेंब लावले. बाईंनी पातळ पात्यानं खडा मधोमध कापला. धुऊन उन्हात धरला, तर आत वलयंच वलयं. मधे मोहरीएवढा गडद ठिपका, आणि त्याभोवती मधाच्या रंगाचे, तपकिरी, पांढुरके पट्टे, एकात एक. मीटरवाल्यांनी चष्मा लावून एका पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा काळपट बघ," मीटरवाले म्हणाले. "टेकडीवरच्या वस्तीत बदली झाली, ते वर्ष. दिवसभर चढउतार, आणि पाणी प्यायला थांबायचो नाही."

"अहो, हे काय झाडाचं खोड आहे, वर्षं मोजायला?"

"नसेल. पण मीटर मी वाचणार की तू?"

बाईंनी स्टूल जवळ ओढलं. मीटरवाल्यांनी सात वलयं वाचली. शेवटून दुसरं अगदी बारीक होतं. "हे तुझ्या आजारपणाचं. दवाखान्यात ती नर्स तुझ्याबरोबर मलाही पाणी पाजायची." बाईंनी या वेळी वाद घातला नाही.

दगड ठिसूळ निघाला. एका अर्ध्याची तर हातातच भुकटी झाली. दुसरा अर्धा बाईंनी पातळ राळेत दोन दिवस भिजवला. तो घट्ट झाल्यावर त्यातून एक काप काढला, एका बाजूला काळा अकीक, दुसऱ्या बाजूला धुरकट दगड जोडला, आणि कवळी घासावी तशा जपून त्याचा घुमट केला.

खडेवाल्याकडे दोघं मिळून गेले. त्यानं खडा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"कुठल्या खाणीतला?"

"पाणीखात्यातला," मीटरवाले छाती काढून म्हणाले.

बाईंनी खरं काय ते सांगितलं. खडेवाल्यानं खडा हळूच खाली ठेवला आणि हात पुसले. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचलला.

"मलाही दोन आहेत म्हणतो डॉक्टर," तो म्हणाला. "चाळीस वर्षं दगड घासतोय, आणि दोन आतच बाळगून बसलोय. निघाले तर तुमच्याकडेच आणतो."

इतकं लांब बोलताना त्याला त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

आता मऊ आणि कठीण दगड एकत्र आले, की खडेवाला ते काम बाईंकडे पाठवतो. लोक आपणहूनही काय काय आणतात. पाडलेल्या घराच्या उंबऱ्याची कपची कुणी आणली, कुणी गाडीच्या टायरात रुतलेला गोटा. गेल्या आठवड्यात शेजारच्या शिक्षिका बंद पडलेल्या शाळेच्या दगडी फळ्याचा तुकडा घेऊन आल्या. सपाट, काळा, थर सुटत चाललेला. याच्या शेजारी काय शोभेल, हे बाईंना अजून ठरवता आलेलं नाही. रोज सकाळी त्या तो ओला करतात, खिडकीत धरतात, आणि डब्यातला एकेक तुकडा शेजारी ठेवून बघतात.