लॅडलचं दुसरं टोक

"मस्टरवर तू झाडूवाला आहेस. झाडूवाल्याला कॅनडा कशाला पाहिजे रे? तिथले रस्ते काय घाण आहेत?"

मालकांनी हे माझ्याकडे बघून विचारलं नाही. समोर चहा पीत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघून विचारलं. मी कॅबिनच्या उंबऱ्याबाहेर उभा होतो. आमच्यातल्यांनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हे कुणी भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. माझा कागद मालकांच्या हातात होता. अनुभवाच्या दाखल्याचा मजकूर मी स्वतः इंग्रजीत लिहून नेला होता. मालकांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. 'हा इसम आमच्या फौंड्रीत सात वर्षं मोल्डर म्हणून काम करतो.' गिऱ्हाइकं हसली. कारकून हसला.

मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बेळगावच्या ह्या फौंड्रीत लागलो. मूळचा निपाणीकडचा. आई तंबाखूच्या वखारीत राबायची. मी मॅट्रिक झालो, पण नोकरी कुठं मिळेना. आमच्याच वस्तीतला एक माणूस फौंड्रीत होता, त्यानं मला आणलं. मी त्याला अण्णा म्हणायचो. सख्खा भाऊ नव्हे, पण सख्ख्यानं केलं नसतं एवढं त्यानं केलं. वाळू किती ओली करायची, साचा कुठं ठोकायचा, कुठं नुसता दाबायचा, हे सगळं त्यानं हाताला धरून शिकवलं.

मोल्डरचं, म्हणजे वाळूचे साचे करायचं, काम करायचो आम्ही दोघं. मस्टरवर मात्र दोघंही झाडूवाले. पगार झाडूवाल्याचा. एकदा मी विचारलं तर कारकून म्हणाला, "तुम्हांला मोल्डर लिहिलं तर बाकीचे मोल्डर उठून जातील." पाण्याचा ग्लास आमचा वेगळा, खिळ्याला अडकवलेला. भट्टीतला लोखंडाचा रस ओतायला मात्र आमचेच हात चालायचे.

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं. पालखीसारखे त्याला दोन्ही बाजूंना दांडे असतात. एका माणसाला ते उचलत नाही. पुढं एक, मागं एक. जोडी ठरलेली असते आणि ती कुणी मोडत नाही, कारण दोघांची पावलं एक झाल्याशिवाय रस सांडतो. अण्णा मागं असायचा. तो तोंडातल्या तोंडात "हं" म्हणायचा, की मी पाऊल टाकायचो. पुन्हा "हं", की थांबायचो. सात वर्षं आम्ही त्या एका "हं"वर चाललो.

कॅनडाचा फॉर्म मला शाळेतल्या एका मित्रानं पाठवला होता. तिथं कुशल कामगार पाहिजेत, असं त्यानं लिहिलं होतं. मला सगळं जमण्यासारखं होतं. वय बसत होतं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. एकच गोष्ट पाहिजे होती. मालकाच्या सही-शिक्क्याचा दाखला: कुठल्या हुद्द्यावर, किती वर्षं, नेमकं काय काम केलं. त्याच्याशिवाय अर्ज पुढं सरकणार नव्हता. हाताला घट्टे होते, पाठीवर भाजल्याचे डाग होते. पण हे पाकिटात घालून पाठवता येत नाही.

त्या दिवशी मालकांनी माझा कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'वर मी आशा लावून बसलो. दाखला मिळणारच, असं धरून मी बाकीची तयारी करत राहिलो. फोटो पाहिजे होते. खडे बाजारातला फोटोवाला दुपारीच असायचा. मी अण्णाला म्हणालो, अर्धा दिवस जाऊन येतो.

"आज वतायचा दिवस हाय रं," अण्णा म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "जा, जा. एका दिसानं काय हुतंय. फोटूत हास जरा. मड्यागत बसू नगंस."

माझ्या जागी लॅडलच्या पुढच्या टोकाला त्यांनी एका नव्या माणसाला लावलं. त्याला "हं" काय माहीत? अण्णा थांबला तेव्हा तो चालला. हिसका बसला. रस अण्णाच्या दोन्ही पावलांवर सांडला.

मी तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसलो होतो. फोटोवाला म्हणत होता, हनुवटी वर करा.

अण्णाचा डावा पाय घोट्यातून काढला. उजव्याची बोटं गेली. तीन महिन्यांनी तो दवाखान्यातून पिरनवाडीच्या आपल्या खोलीत परत आला. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. कामगारांच्या वकिलाला गाठून त्यानं लेबर ऑफिसात अर्ज केला. 'मी मोल्डर आहे, रस ओतताना माझे पाय गेले, तसं लिहून द्या आणि माझी हक्काची भरपाई द्या.' फौंड्रीनं उलट लिहून दिलं की हा माणूस झाडूवाला होता, भट्टीजवळ त्याचं कामच नव्हतं, तो आपल्या मनानं तिथं कडमडला.

मग एका सकाळी मालकांनी मला आत बोलावलं. उंबऱ्याच्या आत. खुर्ची दिली. कपबशीतून चहा दिला, गिऱ्हाइकांना देतात तसल्याच कपबशीतून. टेबलावर दोन कागद होते. एक माझा दाखला, लेटरहेडवर टाईप केलेला, खाली सही, शिक्का. दुसरा कानडीत होता.

"तुझं भलं व्हावं असंच मला वाटतं," मालक म्हणाले. "ह्याच्यावर सही कर आणि तो घेऊन जा."

मला कानडी वाचता येतं. म्हणून न कळता सही केली असं मला कधीही म्हणता येणार नाही. त्यात लिहिलं होतं की अमुक इसम फक्त झाडलोट करत असे. त्याला लॅडल उचलताना मी कधीही पाहिलेलं नाही.

कुणी माझा हात धरला नाही. कुणी दम दिला नाही. मी सही केली. चहा थंड होऊ नये म्हणून तोही पिऊन टाकला.

त्याच संध्याकाळी मी अण्णाकडे गेलो. का गेलो, ठाऊक नाही. खिशातला दाखला वैनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं पाहिला. अण्णानं तो हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"मोल्डर लिवलंय?"

"व्हय."

"बरं झालं. एकाचं तरी लिवलं." आणि त्यानं वैनीला गूळ आणायला सांगितलं. माझं तोंड गोड करायला. तो गूळ मी खाल्ला. मला तेव्हा तिथंच मरण यायला हवं होतं. आलं नाही. मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मची पानं नीट लावली.

आठ दिवसांनी वैनी माझ्या खोलीवर आली. लेबर ऑफिसातून कागद आले होते, सगळे कानडीत. "वाचून दावा की भावजी," ती म्हणाली, "त्येंनी बलावलंय." अण्णाकडे कानडी वाचणारा दुसरा कोण होता?

मी तिच्याबरोबर अण्णाकडे गेलो आणि वाचू लागलो. मालकांचं म्हणणं वाचलं. कारकुनाचा जबाब वाचला. मग माझा आला. मी तोही वाचला, शब्द न् शब्द. फक्त खालचं नाव वाचलं नाही. "हे कुनी तरी कामगारानं दिलंय," असं म्हणालो.

अण्णानं कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि उजेडाला धरला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण सही येत होती. अंगठा नको म्हणून मीच त्याला सही गिरवायला शिकवली होती. दर पगाराला मस्टरवर आमच्या सह्या एकाखाली एक असायच्या. सात वर्षं त्यानं माझी सही आपल्या सहीच्या वर बघितली होती.

त्यानं त्या सहीवर बोट ठेवलं. वैनी म्हणाली, "काय झालं वो?"

अण्णा ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग सात वर्सं लॅडलच्या दुसऱ्या टोकाला कोन हुतं रं? वारा?"

मी उठलो आणि चालत खासबागेपर्यंत आलो. तिथं रस्त्याकडेला बसून दाखला काढला. मजकूर माझाच होता. मालकांनी पहिली ओळ वाचून हसून टाकलं होतं आणि पुढचा मजकूर न वाचताच टाईपला दिला होता. चौथी ओळ अशी होती: 'हा इसम सात वर्षं दोन माणसांच्या लॅडलनं ओतकाम करत आला आहे.'

दोन माणसांच्या. खाली मालकांची सही.

सुनावणीला मी इस्त्रीचा तोच शर्ट घालून गेलो. लेबर ऑफिसच्या साहेबांनी कानडीत विचारलं, ही सही तुमची?

"माझी."

"मजकूर?"

"खोटा. वाचून सही केली आहे."

"मग केली कशाला?"

"ह्या कागदासाठी," मी म्हणालो आणि दाखला टेबलावर ठेवला. चौथी ओळ वाचायला सांगितली. मग म्हणालो, "पुढच्या टोकाला मी होतो. मागच्या टोकाला हा होता. फौंड्रीत कुणालाही विचारा."

मालक उठले. ते पत्र मी दया येऊन दिलं होतं, ते खरं नाही, हा पण झाडूवालाच आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. माझी सात वर्षं तिथंच पुसली गेली. कॅनडाचा फॉर्म ट्रंकेत राहिला. दुसऱ्या दिवशी फौंड्रीच्या गेटवर मला अडवलं. दाखला केसच्या फायलीत आहे आणि केस अजून चालू आहे.

अण्णा माझ्याशी बोलत नाही. दर तारखेला मी त्याला सायकलवर मागं बसवून कचेरीत नेतो आणि परत आणून सोडतो. तो कॅरिअर धरतो, माझा खांदा धरत नाही. बरोबर आहे त्याचं. मी साक्ष फिरवली म्हणून सही पुसली जात नाही, आणि फोटो काढायला गेलो ती दुपारही परत येत नाही. माफी मी मागितलेली नाही. मागून ओझं त्याच्यावर का टाकू?

आता मी दुसऱ्या फौंड्रीत असतो. पहिल्या दिवशी तिथल्या मालकानं लॅडलकडे बोट दाखवून म्हटलं, चला, उचला. मी हात लावला नाही. मी म्हणालो, आधी मस्टर आणा. माझ्या नावापुढं काय लिहिलंय ते मी वाचणार. आणि दुसऱ्या टोकाला जो उभा आहे, त्याच्या नावापुढं काय लिहिलंय तेही वाचणार. भट्टीतला रस तयार होता. सगळे खोळंबले. मालक शिव्या देत कॅबिनकडे गेला.

मी दांड्यापाशी उभा राहिलो, हात मागं बांधून. मस्टर येईपर्यंत.