मापाला भाऊ

आमच्या थोरल्या मामांइतका मापाचा पक्का माणूस जालना जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. मंठ्यात त्यांचं शिलाईचं दुकान. टेप कायम गळ्यात, पण ती शोभेला. गिऱ्हाइकानं माप द्यायला हात पसरले की मामा म्हणत, "हात खाली घ्या. अंगाला बसलेला जुना सदरा आणा." माप देताना माणूस पोट आत ओढून खोटं बोलतो, जुना सदरा बोलत नाही, हे त्यांचं शास्त्र. एका नवरदेवाला त्यांनी हळदीच्या अंगानं घरी पिटाळलं होतं, सदरा आणायला.

या मामांना एक जुळा भाऊ. दहा मिनिटांनी धाकटा, आष्टीला शेती करणारा. दोघं इतके सारखे की लहानपणी आजीनं एकालाच दोनदा जेवू घातलं आणि दुसरा उपाशी झोपला. कोण, यावर दोघं साठी उलटली तरी भांडत. लोक त्यांना नुसतं थोरले-धाकले म्हणायचे, आणि तेही चुकीचं. म्हणून दोघांनी नियम केला होता, हाक कोणालाही असो, जो समोर असेल त्यानं ओ द्यायची. थोरल्या मामांनी आष्टीच्या बाजारात धाकट्यांच्या वाटचा चहा प्यायला, एकदा तर त्यांच्या वाटच्या शिव्याही खाल्ल्या. दोन्ही गोड लागली म्हणाले.

साठीनंतर थोरल्यांना शुगर निघाली आणि गालाचं मांस उतरलं. धाकटे मात्र तसेच गुबगुबीत. एका बाजारच्या दिवशी एका नव्या आडत्यानं धाकट्यांना विचारलं, "वडलांना खुर्ची देऊ का?" वडील म्हणजे आमचे थोरले मामा. ते तसेच उठून जालन्याला, मस्तगडात माझ्या घरी आले आणि न जेवता बसून राहिले. "भाच्या, इतकी वर्सं कुणाला वळखू आलो न्हाई. आता लांबूनच वळखून राह्यलेत." मला हसू येणार होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मीच बोलून गेलो, की आता ऑपरेशन न करता सुईनं जेल भरून गाल वर आणतात. चौथ्या दिवशी मामा हजर, सोबत धाकटे. कातडीच्या डॉक्टरीणबाईंसमोर भावाला खुर्चीत बसवून म्हणाले, "माप आणलंय. बराबर असंच भरा." बाईंनी शुगर तपासली, धोके समजावले, दोघांचे फोटो काढले. सुया टोचताना मामा आरशात बघून सूचना देत होते, "डाव्या अंगाला झोल राह्यला." बाई म्हणाल्या, हे कायमचं नाही, वर्ष-दीड वर्षात विरघळतं. "म्हंजे कच्चा टाका," मामा म्हणाले, "उसवला की परत घालू."

धाकटे उगाच आपलेच गाल चोळत बसले होते. "येड्या, मीच खाणं कमी केलं असतं की."

"तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई," थोरले म्हणाले.

सूज उतरल्यावर दोघं मुद्दाम बाजारात गेले, धाकटे जरा मागं थांबले. त्याच आडत्यानं थोरल्यांना हाक मारली, "काय धाकले, वडील न्हाई आले आज?" मामांनी ओळखीच्या प्रत्येकाला जिलबी वाटली. स्वतः शुगरमुळे नुसती हुंगली.

गेल्या हिवाळ्यात धाकटे मामा अचानक गेले. थोरले दुकानात बसेनात. गाल पुन्हा उतरायला लागले होते. मला वाटलं, आता हे खूळ संपलं. पण एक दिवस ते एकटेच माझ्या दारात उभे. "चल, टाका उसवलाय."

मी भीत भीत विचारलं, "मामा, आता माप?"

"बाईकडं फोटो हाय की." चपला घालताना म्हणाले, "दाढी करताना तेवढाच भेटतो."

परवा त्यांच्याबरोबर आष्टीच्या बाजारात गेलो होतो. लांबच्या गावची एक मिरचीवाली, तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं हाक मारली, "ओ धाकले, लई दिसांनी?" मी सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा हात दाबला आणि ओ दिली.

"थोरले कसे हाईत?" तिनं विचारलं.

मामा मिरच्या निवडत राहिले. "बरा हाय," म्हणाले. "जरा एकटा पडलाय."